आधी टपावरचा कॅरियर उतरवा

परवा पुन्हा तोच प्रश्न आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा. म्हणाला, "काका, क्रॉलर घेतलाय. बाहेर निघणारी चाकंच घेतो आणि चारही चाकांत पन्नास-पन्नास ग्रॅम पितळ भरतो. बरोबर ना?" घेऊ का, भरू का, असं नाहीच. ठरवूनच आला होता. त्याची दोन-तीन महिन्यांची शिल्लक त्यात जाणार होती, म्हणून हा लेख. काहींना राग येईल, येऊ दे.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी: रॉक क्रॉलर म्हणजे रिमोटवरची, खऱ्या जीपच्या एक दशांश आकाराची गाडी. ती पळवायची नसते, मुंगीच्या चालीने दगडांवर चढवायची असते. आणि ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून, चाक जिथे ॲक्सलवर बसतं तो भाग किती आत किंवा बाहेर आहे ते अंतर. तो भाग आतल्या बाजूला असेल तर चाक गाडीच्या बाहेर निघतं, बाहेरच्या बाजूला असेल तर चाक आत जातं. बस, एवढंच.

बाहेर काढलेली चाकं रुबाबदार दिसतात, हे मान्य. पण "गाडी उलटत नाही" हे जे छातीठोकपणे सांगितलं जातं ना, त्याचा हिशोब कुणी केलाय का? मी केला. माझी गाडी अडीच किलोची. दोन्ही बाजूंचे टायर जिथे टेकतात त्यातलं अंतर २०० मिमी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ८० मिमी. आडव्या उतारावर ती ५१ अंशांच्या थोडं पुढे कलंडणार. (हे कागदावर. प्रत्यक्षात स्प्रिंगा दबतात, गाडी झुकते आणि काही अंश आधीच आडवी होते. पण तुलनेला चालेल.) दोन्ही बाजूंनी चाकं ५ मिमी बाहेर काढली तर मिळतो साधारण १.४ अंश. चारही चाकांत मिळून २०० ग्रॅम पितळ भरलं तर? पाऊण अंशसुद्धा नाही! कारण चाकात भरलेलं वजन जमिनीवर नसतं, ते आसाच्या उंचीवर असतं, माझ्या गाडीत ५५ मिमीवर. ८० च्या खाली अवघं २५ मिमी.

आणि आता गंमत बघा. टपावरचा कॅरियर, त्यावरचे खोटे जेरीकॅन, खोटा कुदळ-फावड्याचा संच, लाइटची पट्टी, असं सगळं मिळून १५० ग्रॅम, उंची १८० मिमी. ते उतरवलं की २.३ अंश मिळतात. फुकट! वर गाडी हलकी होते ती वेगळीच. डोक्यावर गाठोडं ठेवायचं आणि तोल सावरायला पायात पितळी तोडे घालायचे, हा कुठला न्याय?

वजनाला माझा सरसकट विरोध नाही. चाकातल्या वजनाची एक बाजू खरोखर चांगली आहे: ते स्प्रिंगांवर येत नाही, त्यामुळे गाडी दबत नाही. पण ते चारही चाकांत सारखं वाटणं म्हणजे शुद्ध भाबडेपणा. चढावर गाडी मागे उलटते, कारण सगळा भार मागच्या चाकांवर जातो. दोन आसांमधलं अंतर ३१३ मिमी आणि वजन पुढेमागे निम्मंनिम्मं असेल तर माझी गाडी ६३ अंशांवर मागे पडते. ते २०० ग्रॅम चारही चाकांत वाटले तर अर्धा अंश मिळतो. तेच सगळे फक्त पुढच्या दोन चाकांत घातले तर दोन अंश. उतरताना त्यातला सव्वा अंश जातो, हेही सांगून टाकतो. पण गाडी आपण चढवायला घेतो. मागच्या चाकांतलं पितळ म्हणजे मोटरने उगाच वर ओढायचा भार.

आता माझी स्वतःची फजिती. मागच्या वर्षी मीही ऐकीव सल्ल्यावर १० मिमी बाहेर निघणारी चाकं लावली. चाक वळतं ते एका खिळीभोवती. त्या खिळीची रेषा जमिनीला जिथे लागते तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे स्क्रब रेडियस, माझ्या गाडीत १५ मिमी होतं ते २५ झालं. एका चाकासमोर दगड आला आणि त्याने एक किलोचा रेटा दिला तर आधी दीड किलो-सेंमीचा पिळा येत होता, आता अडीच. हा पिळा सोसायचा कोणी? सर्व्होने. तिसऱ्याच रविवारी कोरड्या ओढ्यात त्यातून जळका वास आला आणि स्टिअरिंग गेलं ते गेलंच. शिवाय बाहेर आलेलं चाक वळताना मोठा घेर घेतं, मडगार्डला घासतं आणि दोन दगडांच्या फटीत आधी तेच अडकतं.

सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी. हे सल्ले ज्या व्हिडिओंमधून येतात त्यातले बरेच अमेरिकेतल्या कोरड्या वालुकाश्मावरचे. मोआबचा तो दगड सँडपेपरसारखा धरतो, टायर सुटतच नाही, म्हणून तिथे गाडी उलटते. आपण चालवतो वेताळ टेकडीच्या खाणीत. पावसाळ्यात शेवाळलेल्या काळ्या कातळावर माझा टायर तीस-पस्तीस अंशांतच घसरतो. ५१ चा प्रश्न येतोच कुठे? आणि वजन वाढवून पकड मिळेल म्हणावं तर खाली ओढणारा जोरही त्याच प्रमाणात वाढतो. तिथे पैसे घालायचेच तर मऊ रबराच्या टायरमध्ये आणि आतल्या फोममध्ये घाला. चाकं कंपनीने दिलेल्या ऑफसेटचीच ठेवा, अगदीच हौस असेल तर दोन-तीन मिमी. बॅटरी खाली आणि पुढे सरकवा. एवढं करून नाक उचललंच, तर मग पुढच्या चाकांत पितळ.

हे सगळं त्या मुलाला कागदावर मांडून दाखवलं. पटलं म्हणाला. पितळ घेतलं नाही, चाकंही नाही. रविवारी खाणीत आला, तर टपावर कॅरियर तसाच. विचारलं, तर म्हणतो, "काका, त्याच्याशिवाय फोटो चांगले येत नाहीत."