उदकातला उजो

‘सोडियमची पाण्याशी तीव्र अभिक्रिया होऊन हायड्रोजन वायू मुक्त होतो’ हे वाक्य दहावीचा कोणताही विद्यार्थी झोपेतून उठवला तरी म्हणून दाखवील. ते घडताना किती जणांनी पाहिले आहे असे विचारले, तर मात्र वर्गात शांतता पसरते. आम्ही भाषेचे शिक्षक. रसायनशास्त्राशी आमचा संबंध शालान्त परीक्षेपुरताच आला. तथापि न पाहिलेल्या गोष्टीचे वर्णन पाठ करणे याला विज्ञान म्हणावयास आम्ही तयार नाही. हा प्रयोग वर्षातून एकदा तरी मुलांसमोर झालाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा धातू काही आपल्याला परका नाही. पेडण्यातील आगरवाड्याच्या मिठागरांत खारे पाणी उन्हात आटवून जे मीठ काढतात, ते सोडियम आणि क्लोरीन यांचेच संयुग होय. मग पेजेत मीठ घातले असता ती पेट का घेत नाही? कारण मिठातील सोडियमने आपला सर्वांत बाहेरचा एकुलता एक इलेक्ट्रॉन आधीच देऊन टाकलेला असतो. म्हणून ते निमूटपणे विरघळते. शुद्ध धातूपाशी तो इलेक्ट्रॉन अजून शिल्लक असतो, आणि पाणी भेटताच तो देऊन मोकळे होण्याची त्याला विलक्षण घाई असते. डिचोलीच्या डोंगरांतील तांबड्या खनिजातले लोखंडही असेच ऑक्सिजनशी आधीच जोडले गेलेले आहे. भट्टीतून निघालेले लोखंड पावसात ठेवले की पुन्हा गंजते. पण खिळ्याला जे करावयास सारा पावसाळा लागतो, ते सोडियम काही क्षणांत उरकते.

म्हणूनच हे धातू निसर्गात मोकळे सापडत नाहीत. 1807 साली लंडन येथे हम्फ्री डेव्ही याने वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडून पोटॅशियम वेगळे केले व थोड्याच दिवसांत सोडियमही मिळविले. पोटॅशियमचे ते चकाकणारे थेंब पाहून तो खोलीभर नाचू लागला, अशी आठवण त्याच्या चुलतभावाने नोंदविली आहे.

एका वर्गात हा प्रयोग पाहण्याचा योग आम्हांस आला. शिक्षकांनी रॉकेलमधील सोडियम चिमट्याने काढून सुरीने कापला. लोण्यासारखा कापला जाणारा धातू पाहूनच मुले चकित झाली. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पाण्यावर पडताच त्याची चकाकती गोळी झाली. कारण तो 98 अंश सेल्सिअसलाच वितळतो आणि पाण्याहून किंचित हलकाही असतो. गोळी सुं सुं करीत सैरावैरा धावू लागली, आणि फिनॉल्फ्थॅलीन घातलेल्या पाण्यात तिच्यामागे गुलाबी रेघ उमटत गेली. दुसरा तुकडा पाण्यावर तरंगणाऱ्या टीपकागदावर ठेवला, तेव्हा पिवळी ज्योत उठली. मागच्या बाकावरून कोणी ओरडले, “सर, उदकांत उजो कसो?”

वर्षभर न बोलणाऱ्या मुलाचा तो आवाज होता. पाठोपाठ एका मुलीने विचारले, “गोळीभोवती तिचाच वायू जमतो, मग पाणी तिला लागावयाचे थांबून ती विझत का नाही?” शिक्षकांना उत्तर देता आले नाही, आणि त्यांनी तसे मोकळेपणाने सांगितले. त्यात कमीपणा मुळीच नव्हता. मोठ्या तुकड्याचा स्फोट हायड्रोजन पेटल्यामुळे होतो, एवढेच पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. 2015 साली प्राग येथील पावेल युंगविर्त व त्यांचे सहकारी यांनी सोडियम-पोटॅशियमच्या द्रवरूप मिश्रधातूचा थेंब पाण्यात सोडून अतिवेगवान कॅमेऱ्याने त्याची छायाचित्रे घेतली. पाण्याला स्पर्श होताच, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत, थेंबातून काट्यांसारखे फाटे फुटलेले त्यांत दिसले. इलेक्ट्रॉन पाण्यात निसटून जातात, मागे राहिलेले धनप्रभारित कण एकमेकांस दूर लोटतात आणि थेंब फाटतो. पाण्याला सतत नवा पृष्ठभाग मिळत राहतो. आमच्या विद्यार्थिनीची शंका याच वाटेवरची होती.

भ्रमणध्वनीवर हा प्रयोग हवा तितका पाहता येतो, असे कोणी म्हणेल. खरे आहे, परंतु तेथे बहुधा पात्र फोडणारे मोठे तुकडेच दाखवितात, आणि मुलाच्या ध्यानात केवळ धडाका राहतो.

अपघाताच्या भीतीने बाटली कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्यांना आम्ही भित्रे म्हणणार नाही. भीती योग्यच आहे. पण तिच्यावर उपाय लहान तुकडा हा आहे, कोरा फळा हा नव्हे. प्रयोग शिक्षकांनीच करावा, विद्यार्थ्यांनी कदापि नाही. डोळ्यांवर चष्मा असावा, मध्ये पारदर्शक आडोसा असावा, मुले दूर बसावीत. पात्र रुंद असावे व ते झाकू नये. सोडियमला बोट लावू नये आणि उरलेले कण मोरीत टाकू नयेत. पोटॅशियम याहून उग्र, त्याच्या वाटेस शाळेने जाऊ नये. रुबिडियम व सीझियम तर पुस्तकातच बरे.

येत्या वर्षी दहावीत ‘धातू व अधातू’ हे प्रकरण सुरू होईल, तेव्हा पहिल्या तासाला फळ्यावर समीकरण न लिहिता मेजावर पाण्याचे पात्र मांडावे, अशी आमची विज्ञानशिक्षकांना विनंती आहे. मागच्या बाकावर आम्हीही येऊन बसू.