आधी पाहणी, मग पाडणी

मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला आणि त्याची धुरा पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराकडे आली. वस्तीला कुदळ लावण्यापूर्वी ती गल्लीगल्ली हिंडून पाहावी, आणि अडचणीची तेवढीच घरे काढावीत, असा त्यांचा आग्रह असे. ज्या शहराला हा धडा घरबसल्या मिळाला त्यानेच तो विसरावा, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

धारावीच्या पुनर्विकासात घर कोठे मिळणार, हे तारीख आणि मजला यांवर ठरते. तळमजल्यावरचा, १ जानेवारी २००० पूर्वीचा रहिवासी धारावीत राहील. माळ्यावरच्याला धारावीबाहेर जावे लागेल. पण हा माळ्यावरचा माणूस पुष्कळदा खालच्याच कारखान्यात शिवणयंत्र चालवितो! कोण कोणाच्या हाताखाली राबतो, कोणाचे मूल कोण सांभाळते, हे कोणत्या रकान्यात लिहिले जाते? विद्यापीठांतील समाजशास्त्रज्ञ हे सांगू शकतील. मात्र वस्ती उठल्यावर प्रबंध लिहून भागणार नाही. पात्रतेच्या याद्या कायम करण्यापूर्वी सरकारने त्यांच्याकडून कामधंद्याच्या या नात्यांची पाहणी करवून घ्यावी आणि ती मराठीत प्रसिद्ध करावी, अशी आमची मागणी आहे.