अंगणवाडीला हवेत आणखी दोन हात

कुंभकोणमजवळचे नाचियार्कोविल् असो वा पालघर जिल्ह्यातला एखादा पाडा, अंगणवाडीची कार्यपद्धती देशभर जवळपास सारखीच आहे. एक सेविका आणि एक मदतनीस. सेविकेने गरोदर मातांच्या नोंदी ठेवायच्या, बालकांची वजने-उंची मोजायची, आहाराचा हिशेब लिहायचा, गृहभेटी द्यायच्या, सगळी माहिती ‘पोषण ट्रॅकर’वर भरायची आणि उरलेल्या वेळात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवायचे. हा ‘उरलेला वेळ’ हीच आपल्या बालशिक्षणाची खरी अडचण आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने तीन ते आठ या वयोगटाला पायाभूत स्तर मानले. २०२३ मध्ये केंद्राने ‘पोषण भी, पढाई भी’ ही योजना आणली. अभ्यासक्रम आला, प्रशिक्षणही आले. मात्र शिकवायला वेळ कोणाकडे आहे, हा प्रश्न मागेच राहिला.

तमिळनाडूचा धडा

या प्रश्नाचे उत्तर तमिळनाडूत शोधले गेले आहे. कार्तिक मुरलीधरन, अलेहांद्रो गानिमियन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स या अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातील ६४० अंगणवाड्यांचा अभ्यास केला. त्यांपैकी सोडतीने निवडलेल्या ३२० केंद्रांत केवळ बालशिक्षणासाठी अर्धवेळ कार्यकर्ती नेमण्यात आली. अध्यापनाचा वेळ दुप्पट झाला. अठरा महिन्यांनंतर, अंगणवाडीत टिकून राहिलेल्या मुलांच्या गुणांत गणितात ०.२९, तर भाषेत ०.४६ प्रमाण विचलनाची वाढ दिसली. शिक्षणाच्या भारातून मोकळ्या झालेल्या मूळ सेविकेला आहार-आरोग्याकडे लक्ष देता आले आणि खुंटलेली वाढ व तीव्र कुपोषण यांचे प्रमाणही घटले. शिक्षण आणि पोषण एकमेकांचा वेळ खातात, हा समज येथे खोटा ठरला.

कोसबाडचा वारसा

महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे दिसताच त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने हे काम विस्तारले. महागड्या साधनांची जागा परिसरातल्या वस्तूंनी घेतली. निरीक्षण करायचे, पद्धत बदलायची आणि पुन्हा पाहायचे, अशी ती रीत होती. तेथे संशोधन आणि अध्यापन ही दोन वेगळी खाती नव्हती. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली. ही रीत मात्र तितकी पोहोचली नाही.

आक्षेप खर्चाचा घेतला जाईल. तमिळनाडूच्या अभ्यासानुसार, मिळणारा लाभ खर्चाच्या कितीतरी पट आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अल्प मानधनावर राबणाऱ्या स्त्रियांच्या संख्येत ही आणखी एक भर नव्हे काय? केंद्राने २०१८ मध्ये सेविकेचे मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केले. राज्ये त्यात आपली भर घालतात. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना संपावर जावे लागले. म्हणून नवे पद निर्माण करताना मानधन, प्रशिक्षण आणि बढतीची वाट आधी निश्चित झाली पाहिजे.

राज्य सरकारने प्रारंभ आदिवासी तालुक्यांपासून करावा, निष्पत्ती स्वतंत्रपणे मोजावी आणि आकडे विधिमंडळापुढे ठेवावेत. आज तीन वर्षांचे असलेले मूल तीन वर्षांत पहिलीत जाईल. धोरणकर्त्यांच्या हाती तेवढाच अवधी आहे.