अकरा हजारांचे मंत्रिमंडळ आणि पंचेचाळीस लाखांचा जिल्हा

पॅसिफिक महासागरात तुवालू नावाचे एक राष्ट्र आहे. नऊ छोटी बेटे, एकंदर भूमी अवघी 26 चौरस किलोमीटर आणि लोकवस्ती सुमारे 11 हजार. 1978 साली ब्रिटिश अंमलातून मुक्त झालेल्या या देशाच्या संसदेत 16 सभासद बसतात आणि त्यांतील जवळजवळ निम्मे मंत्री होतात. राजकीय पक्ष तेथे नाहीत. आपल्याकडे मोठ्या ग्रामपंचायतीत 17 सदस्य असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा मंत्रिमंडळाची वार्ता वाचताना कोणालाही हसू यावे, हे स्वाभाविकच आहे.

तथापि हे हसू थोडे आवरावे, असे त्या देशात 2013 साली घडले. पोटनिवडणुकीत एक जागा हातची गेली आणि पंतप्रधान विली तेलावी यांचे बहुमत संपले. संसद बोलावण्यास त्यांनी टाळाटाळ केली. अखेर गव्हर्नर-जनरलांनी संसद बोलावली आणि पंतप्रधानांना पदावरून दूर केले. सभागृहाने अविश्वास व्यक्त केला व एनेले सोपोआगा यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. मूठभर माणसांचे सभागृह, तरीही सभागृहाला तोंड न देता कोणालाही राज्य चालविता येणार नाही, हा नियम तेथे शाबूत राहिला. समुद्राची पातळी वाढून ही बेटेच उद्या बुडण्याचे भय आहे. त्या संकटाविषयी ऑस्ट्रेलियासारख्या बलाढ्य देशाशी या चिमुकल्या मंत्रिमंडळाने करार केला व 2024 मध्ये तो अंमलात आला. अकरा हजार माणसांच्या भवितव्याबद्दल कोणाला जाब विचारावयाचा, हे त्या अकरा हजारांना ठाऊक आहे.

आता आपल्या घराकडे वळू. नगर जिल्हा, म्हणजे 2024 पासूनचा अहिल्यानगर जिल्हा, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. 2011 च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या 45 लाखांवर आहे. अकोल्याच्या डोंगरातील पावसापासून जामखेड-पाथर्डीच्या अवर्षणापर्यंत 14 तालुक्यांचे 14 प्रश्न. हे प्रश्न मुंबईत बसून सुटणार नाहीत, हे ओळखूनच 1961 चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. अध्यक्ष, उपाध्यक्ष, शिक्षण, आरोग्य, बांधकाम, कृषी, समाजकल्याण इत्यादी समित्यांचे सभापती आणि त्यांना प्रश्न विचारणारी सर्वसाधारण सभा. कायद्याच्या भाषेत हे मंत्रिमंडळ नव्हे. परंतु खेड्यातील शिक्षकाला आणि शेतकऱ्याला हाताशी असलेले मंत्रिमंडळ ते हेच.

नगरच्या 73 सदस्यांच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. मुदत संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पूर्ण व्हावी, असे राज्यघटना सांगते. प्रत्यक्षात इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला, प्रभागरचनेचे घोळ झाले, आणि कारभार प्रशासकाकडे गेला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, त्या वेळी येथील प्रशासकीय राजवटीस तीन वर्षे उलटून गेली होती. प्रशासक म्हणजे कोण? परिषदेचेच मुख्य कार्यकारी अधिकारी. ठराव मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच आणि अंमलात आणणारेही तेच. यात अधिकाऱ्याच्या सचोटीविषयी शंका घेण्याचा हेतू नाही. हिशेब लिहिणारा आणि हिशेब तपासणारा एकच असू नये, हे कोणत्याही कचेरीतील कारकुनाला ठाऊक असलेले साधे तत्त्व आहे.

पालकमंत्री आहेत की, असे यावर कोणी म्हणेल. परंतु पालकमंत्री जिल्हा निवडत नाही. त्यांचे नाव मुंबईत ठरते. ते ज्या जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात, तिचे चारपंचमांश सभासद जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी आपल्यातून निवडावेत, अशी घटनेची योजना आहे. निवडणारेच नसतील, तर निवडलेले कोठून येणार? अशा स्थितीत जिल्ह्याच्या निधीची वाटणी मंत्री, आमदार आणि अधिकारी यांच्यातच उरकते.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. प्रशासकाच्या काळात राजकारण थांबले, बदल्यांसाठी पुढाऱ्यांच्या पायऱ्या झिजविणे कमी झाले, असे कित्येक शिक्षकच खासगीत बोलून दाखवितात. त्यांचा अनुभव खोटा म्हणता येणार नाही. आपल्या जिल्ह्याचे राजकारण सोयऱ्याधायऱ्यांचे आहे, हे कोणी नाकारीत नाही. सत्तेवर भाचा आणि विरोधात मामा असला म्हणजे प्रश्न कोणी कोणाला विचारावयाचा? लहान सभागृहाची ही उपजत व्याधी आहे. ज्या देशात सारेच एकमेकांना ओळखतात, तेथेही ती असणारच. परंतु व्याधीवर उपाय म्हणून रोग्यालाच घरातून बाहेर काढावे, हे कोणते वैद्यक? वाईट सभापतीला पाच वर्षांनी घरी बसविता येते. प्रशासकाला मतदार घरी बसवू शकत नाहीत. त्यांच्या बदलीचा आदेश निघतो तोही मंत्रालयातून.

याची किंमत कोण मोजतो, हे शाळेच्या गळक्या छपराखाली बसणाऱ्या मुलांना विचारावे. पूर्वी गावकरी गटाच्या सदस्याला रस्त्यात अडवीत, तो सभेत आवाज उठवी आणि दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात छापून येई. काम होईच असे नाही; पण न झाल्याची नोंद राही. आता अर्ज आवक क्रमांक घेऊन टेबलावर जाऊन पडतो. उत्तर देणे ज्याच्या पुढच्या निवडणुकीचा प्रश्न आहे, असा माणूसच साखळीत उरत नाही.

म्हणून मागणी एकच असावी. निवडणूक लांबली तर तिची कारणे काहीही असोत, प्रशासकाच्या मुदतीला कायद्याने कडक मर्यादा घालावी. ती संपताच उपलब्ध प्रभागरचनेवर मतदान व्हावे. तोपर्यंत प्रशासकाने दर तीन महिन्यांनी ठराव व खर्च जाहीर सभेत मांडून नागरिकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार यांच्या ग्रामसभांनी सर्व देशाला धडा दिला, तो याच जिल्ह्यातून. गावात जे साधले, ते जिल्ह्याच्या ठिकाणी अशक्य का असावे?

तुवालूचे मंत्रिमंडळ अधिकारावर बसते, ते खुर्चीखालून काढून घेणारी माणसे समोर बसलेली असतात म्हणून. त्या देशाला समुद्राचे भय आहे. आपल्याला समुद्र दूर आहे. परंतु ज्यांच्यापुढे उभे राहून जाब विचारावा, त्या खुर्च्याच वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, तर बुडण्यासाठी समुद्राची गरज पडत नाही.