हजेरीपटावरचे नाव

सरकारी कागदांवरचे शब्द फार लवकर बदलतात. ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ झाले, ‘एकात्म शिक्षण’ जाऊन ‘समावेशित शिक्षण’ आले. शाळेच्या दारात पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतारही झाला. आत वर्गात मात्र काय चालते, हे पाहायला कोणी फारसे जात नाही!

कायद्याची बाजू भक्कम आहे, हे आधीच मान्य करतो. अशा मुलांना सर्वसाधारण शाळेत आणण्याची केंद्राची योजना १९७४ सालची. १९९५ चा कायदा आला, २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. पुढे २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. आणखी काय हवे?

माझा मामेभाऊ जिल्हा परिषदेच्या एका शाळेत चौथीत आहे. त्याला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते. शाळा द्विशिक्षकी, म्हणजे चार वर्गांना दोन शिक्षक. त्याची हजेरी जवळजवळ पूर्ण भरते. फळ्यावरचे तो सुवाच्य अक्षरात उतरवून घेतो. अर्थ विचारला तर हसतो. वर्ग एका सुरात कविता म्हणू लागला की तोही ओठ हलवतो. लांबून पाहणाऱ्याला चाळीस मुले कविता म्हणताहेत असेच वाटते. एकदा मामीला विचारले, तर ती म्हणाली, “शाळेतून कधी तक्रार नाही रे त्याची.” तक्रार येईल कशी? जो मुलगा गोंगाट करीत नाही, प्रश्न विचारीत नाही, त्याच्याविषयी शाळेला काय तक्रार असणार!

त्याला शिबिरात श्रवणयंत्र मिळाले. त्याची बॅटरी संपली की नवी तालुक्याहून आणावी लागते, आणि तालुक्याला जायचे म्हणजे मामाचा एक दिवसाचा रोज बुडतो. त्यामुळे यंत्र बहुधा डबीत असते. वाटपाच्या यादीत मात्र ते ‘दिले’ असेच नोंदलेले राहणार.

यावर उत्तर म्हणून विशेष शिक्षकाकडे बोट दाखवले जाते. केंद्र सरकारने २०२२ साली प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे ठरवून दिले. आपल्या राज्याने २०२४ मध्ये ४८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे केंद्रामागे एक. निर्णय चांगलाच आहे. कित्येक वर्षे ही माणसे कंत्राटावर राबली. पण एका केंद्रात दहा-बारा शाळा धरल्या तर एका शाळेच्या वाट्याला हा शिक्षक पंधरवड्यातून एखादा दिवस येणार. उरलेले सगळे दिवस मूल वर्गशिक्षकाच्याच हाती! म्हणून माझे म्हणणे असे, की समावेशाचा खरा प्रश्न वर्गशिक्षकाचा आहे, आणि आपण तोच टाळत आलो आहोत.

गुरुजींवर मी ठपका ठेवीत नाही. सर्वेक्षणे, माहितीचे तक्ते, निवडणुकीची कामे, त्यात दोन-दोन वर्ग एकत्र. पण काही गोष्टींना पैसाही लागत नाही आणि वेळही लागत नाही. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, कारण मग चेहऱ्यावर अंधार येतो आणि ओठ दिसत नाहीत. मागच्या मुलाने उत्तर दिले तर ते पुन्हा एकदा समोरून म्हणावे. धड्यातले नवे शब्द आधीच फळ्यावर लिहावेत. याचा फायदा एकट्या माझ्या भावाला नव्हे, झोपाळलेल्या सबंध वर्गाला होईल! हे त्यांना वर्गात उभे करून कोणी दाखवले आहे काय? प्रशिक्षणात व्याख्याने होतात, चहा होतो, सह्या होतात.

काही प्राध्यापक मित्र म्हणतात, “त्यापेक्षा बहिऱ्यांची शाळा बरी.” यात तथ्य आहे. जे मूल मुळीच ऐकत नाही त्याला सांकेतिक भाषा हवी, ती बोलणारे सोबती हवेत. खेड्यातल्या वर्गात ते कोठून येणार? पण ती शाळा जिल्ह्याच्या गावी, वसतिगृहाची. सहा वर्षांच्या पोराला आईपासून तोडायचे की गावातच मुके बसवायचे, ही निवड आईवर लादणे याला ‘पसंती’ म्हणणे मला तरी जमत नाही.

आता थोडे आपल्याविषयी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी एखाद्या शाळेच्या भिंती रंगवतो, सुविचार लिहितो. (त्या गावांना सुविचारांचा तुटवडा असावा असा आपला समज दिसतो!) यंदा निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांना एक पत्र टाकता येईल: आपल्या पटावर अशी किती मुले आहेत, कोणाच्या यंत्राची बॅटरी संपली आहे, कोणाला मोठ्या अक्षरांत धडे लिहून हवे आहेत? आपल्यातल्या निम्म्यांचे अक्षर चांगले आहे. सात दिवसांत एका मुलाचे भाषेचे पुस्तक सहज उतरवून होईल. पत्राचा मसुदा मी तयार केला आहे. सही करायला कोणी येणार असेल तर मी ग्रंथालयात भेटतो.