मामांची गाडी आणि जवसाचे तेल

गेल्या दिवाळीच्या आधी आठवडाभर सानगडीहून मामांचा निरोप आला : यंदा भाऊबीजेला येणे होणार नाही, गाडी विकायची आहे, गिऱ्हाईक असल्यास कळव. आईने जेवण टाकले. बहिणीच्या ओवाळण्याला स्वतः गाडी हाकीत येण्याचा मामांचा नेम कधी चुकलेला नव्हता. दुसऱ्याच दिवशी मी साकोलीची बस धरली.

पाहतो तो मामा ओसरीवर बसून वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरांतल्या जाहिराती वाचताहेत. "डोळे गेले रे," ते म्हणाले. दसऱ्यानंतर भंडाऱ्याला निघाले होते. दुपार कलली होती, ऊन समोरून येत होते, आणि सायकलवरचे एक पोर त्यांना अगदी जवळ येईपर्यंत दिसलेच नाही. पोर वाचले. मामांनी मात्र किल्ली खुंटीला अडकवली ती अडकवलीच. चष्मा तपासून घेतला होता. नंबर बदलला नव्हता. पण मनात बसले ते बसले.

मी गाडीत जाऊन बसलो आणि थक्क झालो. पंधरा वर्षांच्या त्या गाडीचा डॅशबोर्ड एखाद्या लग्नातल्या नवरदेवासारखा चमकत होता! मामांनी दसऱ्याला गाडीची पूजा करण्यापूर्वी आतल्या साऱ्या काळ्या प्लास्टिकला जवसाचे तेल चोळले होते. शेजारच्या गड्याने तेव्हाच सांगितले होते म्हणे, "कायले तेल लावता गुरुजी, माती चिपकते." पण निवृत्त मास्तराला शिकवणार कोण?

आता वाचकहो, यातली गंमत समजून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्याही पुढे तापू शकतो. शिवाय दाराच्या साध्या काचेतून उन्हातले अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात आत येतात. त्यांनी प्लास्टिकचा वरचा थर झिजतो, त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. बहुतेक काळ्या प्लास्टिकमध्ये काजळी मिसळलेली असते. ती बिचारी जागच्या जागी असते. पण खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश चहूकडे विखुरतो आणि आपल्याला काळ्याचे राखाडी दिसते. मामांना मी म्हटले, "शाळेतली पाटी आठवा. कोरडी असली की करडी, ओल्या फडक्याने पुसली की काळीभोर. तेलाने तुम्ही पाटी ओली केलीत, एवढेच."

तेवढेच असते तरी ठीक होते. जवसाचे तेल हवेने हळूहळू घट्ट होऊन चिकट साय धरते, त्यावर धूळ बसते. आणि चमकणारा डॅशबोर्ड समोरच्या काचेत प्रतिबिंब पाडतो. दुपारी पश्चिमेकडे गाडी हाकणाऱ्याला रस्त्यावर एक पांढुरका पडदा ओढल्यासारखे होते. मामांचे डोळे नव्हे, तेल दोषी होते!

मग कोपरावर बाह्या सरसावून दोघे बसलो. वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, मऊ फडके घट्ट पिळून घेतलेले, आणि सांधीकोपऱ्यांसाठी जुना दातांचा ब्रश. एका पुसण्याने भागले नाही. चार वेळा पाणी बदलले. पेट्रोल किंवा थिनर वापरण्याचा मोह मामांना झाला होता, तो मी मोडून काढला. त्याने काही जातींचे प्लास्टिक मऊ पडते, डागाळते. शेवटी कोरड्या फडक्याने पुसून, बाजारात मिळणारे पाण्यात कालवलेले, चमक न आणणारे द्रावण फडक्यावर घेऊन पातळ हात फिरवला. स्टिअरिंगला आणि पायाखालच्या पॅडलना मात्र शिवायचे नाही, हात-पाय घसरतात. ज्यांच्या गाडीत एअरबॅग आहे त्यांनी तिच्या झाकणाला रंग देण्याच्या फंदात पडू नये, ते उचकटू तर नयेच.

दारावरची एक पट्टी तरीही करडीच राहिली. झिजून गेलेला थर परत येत नाही. ती सोडवून बाहेर काढून प्लास्टिकसाठीच्या रंगाने रंगवता येते, पण मामा म्हणाले, राहू दे.

आणि हो, मामांनी तेलाची फडकी बोळा करून कोठीत, तणसाच्या शेजारी टाकली होती! जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते. असे बोळे आपोआप पेट घेतात. मी ती पाण्यात बुडवून बाहेर काढली, तेव्हा मामींनी पहिल्यांदा मला शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मुद्दाम ऊन समोर येईल अशा वेळी, मी मामांना साकोलीच्या रस्त्यावर चक्कर मारायला बसवले. निम्म्या वाटेत त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तो बैल दिसतो बरं का. त्याच्या गळ्यातली घंटासुद्धा."

भाऊबीजेला ते आले. गाडी आमच्या दारातल्या कडुलिंबाखाली लावून, काचेवर आतून आईचे जुने लुगडे पसरले. आई ओरडत होती, लुगडे चांगले होते म्हणून.