कॅमेरा कोणाकडे, सतरंजी कोणाकडे?

शाळाशाळांतून सध्या एक नवे फर्मान सुटते आहे. पाच-सात जणांचा गट करा, विषय निवडा आणि चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ तयार करून आणा. पूर्वी तक्ते रंगवून आणा, चिकटवही करा, थर्माकोलचा किल्ला बांधा असे सांगितले जात असे. त्या जागी आता व्हिडिओ आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कृतीतून शिकण्याचा घोष केला, करोनाच्या दोन वर्षांत फोन हाच फळा झाला, तेव्हा हे होणारच होते. ७ नोव्हेंबरचा विद्यार्थी दिवस असो, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन असो की नववी-दहावीच्या जलसुरक्षा विषयातला उपक्रम असो, व्हिडिओची मागणी होतेच. आमचा त्याला विरोध नाही. घोकंपट्टीपेक्षा हे शंभर पटीने बरे. परंतु त्या पाच-सात मुलांच्या गटात नेमके काय घडते, याकडे ना शाळेचे लक्ष आहे, ना पालकांचे, ना आमच्या चळवळीचे.

गटात कामे वाटली जातात ती कशी? ज्याच्याकडे भारी फोन, तो आपोआप दिग्दर्शक. ज्याची भाषा पुस्तकी, म्हणजे गुरुजींच्या कानाला 'शुद्ध', तो निवेदक. ज्याच्या घरी कॉम्प्युटर आणि शिकवायला दादा-ताई, तो एडिटिंग करणार. मग उरतात दोन-तीन मुले. त्यांना सांगितले जाते, तू बादली धरून उभा राहा, तू गर्दीत बस, तू खुर्च्या लाव, तू जाऊन पाणी आण. ही उरलेली मुले बहुतेक वेळा कोणत्या वस्तीतून आलेली असतात, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. सभा कोणाची आणि सतरंज्या कोणी उचलायच्या, हा हिशेब आपण राजकारणात पन्नास वर्षे पाहिला; तोच आता नववीच्या वर्गात मांडला जातो आहे. श्रमाच्या वाटणीच्या नावाखाली माणसांचीच कशी वाटणी होते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये उलगडून दाखवले. शाळेतला हा गट म्हणजे त्याचा छोटासा नमुना नव्हे काय?

आम्ही शिक्षकांवर जातीयवादाचा शिक्का मारीत नाही. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, वर सरकारी माहिती भरण्याचा ससेमिरा. गट 'तुमचे तुम्हीच करा' म्हणून मोकळे होणे सोपे असते. पण 'तुमचे तुम्हीच' म्हटले की मुले गावातली उतरंड जशीच्या तशी वर्गात आणतात. त्यांना दुसरे काही ठाऊकच नसते. शाळा असते ती ही उतरंड मोडण्यासाठी, तिला पाच मिनिटांच्या चित्रफितीत सजवण्यासाठी नव्हे.

कोणी म्हणेल, आता फोन सर्वांकडे आहेत, कसली विषमता घेऊन बसलात? ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या जवळजवळ ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन असल्याचे नोंदले आहे. हा आकडा घेऊन बाबू लोक टाळ्या वाजवतील. परंतु त्याच अहवालात पुढे आहे की, ज्यांना फोन वापरता येतो त्यांच्यातही स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ३६ टक्के आणि मुली जेमतेम २७ टक्के. घरात फोन असणे निराळे आणि मुलीच्या हातात असणे निराळे. घरातला एकुलता एक फोन सकाळी बापाबरोबर कामाच्या नाक्यावर जातो आणि रात्री परत येतो तेव्हा त्याची बॅटरी संपलेली असते, रिचार्जही संपलेले असते. अशा घरातल्या मुलीला 'शनिवार-रविवारी शूटिंग करून आणा' सांगणे म्हणजे तिला गटातून सभ्यपणे बाहेर काढणे होय. म्हणून आमची पहिली मागणी अगदी साधी आहे. हे काम शाळेच्या वेळेत, शाळेच्या आवारातून सुरू झाले पाहिजे आणि गटासाठी एक फोन शाळेने दिला पाहिजे. एका मिनिटाच्या चांगल्या चित्रणाला शंभर एमबीच्या आसपास जागा लागते. ज्याच्या फोनची साठवण आधीच भरलेली आहे तो पोरगा दहाव्या मिनिटाला हात वर करतो, आणि गुरुजी समजतात की त्याला रस नाही.

आता विषयाकडे येऊ. पाण्याचेच उदाहरण घ्या. 'पाणी हेच जीवन' असे शीर्षक, गळणारा नळ, तो बंद करणारी गुणी मुलगी, शेवटी घोषवाक्य आणि मागे सनईचे संगीत. असे व्हिडिओ ढिगाने तयार होतात, बक्षिसेही मिळवतात, आणि त्यांतून पोरांना कणभरही नवे कळत नाही. ज्या महाराष्ट्रात २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तेथे पाण्यावरचा व्हिडिओ नळ बंद करण्यापाशीच संपावा?

हाच विषय मुले कशी करू शकतील पाहा. पहिला आठवडा कॅमेरा पेटीतच ठेवावा. सात जणांनी मिळून गावाचा नकाशा काढावा. विहिरी, हातपंप, टाकी, नळ कोठे कोठे आहेत ते त्यावर मांडावे. मग प्रत्येकाने आपापल्या आळीत, वाड्यात, वस्तीत घड्याळ घेऊन बसावे आणि पाणी किती वाजता आले, किती वेळ टिकले ते लिहावे. २०१९ साली जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटरचे माप ठरवले आहे. म्हणजे पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, पंधरा लिटरच्या अठरा बादल्या. आता बादल्या मोजा! हे सातवीचे गणित आहे. पाटलाच्या आळीत किती भरल्या, बौद्धवाड्यात किती, मातंग वस्तीत किती, पारध्यांच्या पालावर नळ पोहोचला तरी काय, हे कागदावर उतरले की व्हिडिओची संहिता अर्धी तयार झाली. त्यानंतर नळाला पाणी सोडणाऱ्या ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याला विचारा, सरपंचांना विचारा, आणि डोक्यावर हंडा घेऊन चाललेल्या बाईला विचारा. कदाचित सगळीकडे सारखेच पाणी येत असेल; तसे असेल तर तेही अभिमानाने दाखवा. आधीच निकाल ठरवून कॅमेरा रोखणे हे आमच्यावर अन्याय करणाऱ्या माध्यमांचे काम, ते आमच्या लेकरांनी शिकू नये.

वस्तीचे चित्रण हा तर वेगळाच मुद्दा आहे. शाळेचे गट आमच्या वस्तीत येतात ते बहुधा 'अस्वच्छता' या विषयासाठी. उघडे गटार, शेंबडे पोर, बसलेली म्हातारी. कोणाला न विचारता चित्रण केले, वर करुण संगीत लावले आणि निघून गेले. त्या म्हातारीने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली असेल, नामांतराच्या मोर्चात ती चालली असेल, पण तिच्या तोंडी एक वाक्य नाही. म्हणून नियम असा हवा की, ज्याचे चित्रण करायचे त्याला आधी विचारायचे, झालेले चित्रण त्याला दाखवायचे, आणि लहान मुलांचे चेहरे त्यांच्या आईबापांच्या होकाराशिवाय घ्यायचे नाहीत. आणि त्या वस्तीतली मुलगी गटात असेल तर प्रश्न तिने विचारायचे. तिची आजी तिच्याशी जशी बोलेल तशी दुसऱ्या कोणाशी बोलणार नाही. ती बोली 'अशुद्ध' म्हणून कापणाऱ्या शिक्षकाला आमचा सवाल आहे की, महाराष्ट्रातली निम्मी माणसे मुकी करून तुम्ही कोणते शुद्ध मराठी वाचवणार आहात?

चित्रणाची कला शिकायला मुलांना वेळ लागत नाही. त्यांना फक्त आळीपाळीने संधी लागते. आज जो फोन धरील त्याने उद्या प्रश्न लिहावेत, आज जिने निवेदन केले तिने उद्या एडिटिंगला बसावे. फोन आडवा धरायचा, ऊन डोक्यावर येण्याआधी सकाळी चित्रण उरकायचे, बोलणाऱ्यापासून दोन हातांवर उभे राहायचे. चित्र थोडे हलले तरी चालते, पण आवाज गेला की सगळे गेले, आणि गावात वारा, ट्रॅक्टर व कोंबडे कोणाचे ऐकत नाहीत. म्हणून दुसऱ्या एखाद्या जुन्या फोनवर, बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून, आवाज वेगळा घ्यायचा. चित्रण एकमेकांना व्हॉट्सॲपवर नुसते व्हिडिओ म्हणून पाठवले की त्याचा दर्जा घसरतो; डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर जसेच्या तसे जाते. एवढ्याशा गोष्टी ज्याच्या घरी सांगायला कोणी आहे त्याला माहीत असतात, आणि ज्याच्या घरी कोणी नाही तो 'मंद' ठरतो.

आमच्या मुलांना हे जमणार नाही असे समजणाऱ्यांनी थोडा इतिहास वाचावा. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये दोन अंकांत छापून आला. तो शाळेतल्या पोरीचाच लेख होता! तिला कोणी विषय 'पाणी हेच जीवन' असा दिला नव्हता. १९२० साली बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची साधी जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला, तेव्हा आपले साधन आपण उभारायचे हा धडा समाजाने घेतला. १९८४ साली अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेतल्या कष्टकरी बायांनी व्हिडिओ कॅमेरा हाती घेतला. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. तेव्हाच्या अहमदनगरला जनसंज्ञापनाचा अभ्यासक्रम करताना नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला, शाळेची ओढ लागलेल्या पारधी पोराची गोष्ट, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तोही विद्यार्थीदशेतलाच उद्योग होता.

परंतु नुसता अभिमान बाळगून भागणार नाही. आमच्याच घरात डोकावू. प्रत्येक वस्तीत जयंतीच्या मिरवणुकीचे चित्रण करणारी, लग्नांच्या ऑर्डरी घेणारी, रात्री जागून एडिटिंग करणारी दोन-चार पोरे आहेत. त्यांच्याकडे कॅमेरा आहे, हात तयार आहे. डीजेच्या भिंतींवर लाखालाखांनी पैसा उधळणाऱ्या मंडळांना आमचा रोखठोक प्रश्न आहे की, त्यातल्या एका रात्रीच्या खर्चात एक ट्रायपॉड, दोन कॉलर माइक, एक हार्ड डिस्क आणि एक जुना पण चालता कॉम्प्युटर येतो की नाही? तो विहाराच्या खोलीत ठेवा. त्या पोरांनी रविवारी दोन तास शाळकरी मुलांना शिकवावे. शिकवावे, करून देऊ नये. कारण करून देण्याचा रोग आपल्याकडेही पसरला आहे. पाच हजार रुपये मोजून बाहेरून व्हिडिओ करून घेणारे पालक आता आमच्या नोकरदार वर्गातही निघू लागले आहेत. त्यात भर म्हणजे संहिता यंत्राकडून लिहून घ्यायची, निवेदनही यंत्राच्याच आवाजात करून घ्यायचे. चकचकीत दिसते, गुण मिळतात, पण मुलाने एका माणसाशी दोन शब्द बोललेले नसतात.

गुण देणाऱ्यांनीही म्हणून पद्धत बदलावी. चकाकीला गुण देऊ नका. गटाची वही मागा. कोणी काय केले, कोणी कोणाला विचारले, कोणते चित्रण फेकून दिले आणि का, हे प्रत्येकाच्या अक्षरात त्या वहीत असले पाहिजे. बादली धरून उभ्या राहिलेल्या मुलाला वर्गासमोर उभे करून विचारा की हा प्रश्न शेवटी का ठेवला. त्याला उत्तर देता आले नाही तर दोष त्याचा नव्हे, गुण साऱ्या गटाचे कमी करा. पुढच्या वेळी गट त्याला बरोबर घेऊनच येईल.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे आणि तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतण्याची वाट पाहावी लागे. येत्या विद्यार्थी दिवसाला त्यावर नाटुकली होतील, व्हिडिओ होतील. ते करणाऱ्या गटात भिवाची भूमिका कोणाला दिली आणि कॅमेरा कोणाला दिला, एवढे आमच्या पालकांनी शाळेत जाऊन जरूर विचारावे. आणि व्हिडिओ तयार झाला की त्याची एक प्रत मागून घ्यावी, त्यावर वर्ष, शाळेचे नाव आणि गटातल्या सर्व मुलांची नावे, बादली धरणाऱ्याचेसुद्धा, लिहून ती विहाराच्या कपाटात ठेवावी. 'ज्ञानोदय'चे ते दोन अंक कोणीतरी जपले होते, म्हणून मुक्ताचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले.